पाटीखालची मान

बी. प्रभा यांच्या चित्रांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. ती इतक्या सहजपणे उच्चारली जातात, की उच्चारणारा चित्रापुढे पाच मिनिटे तरी उभा राहिला असेल का, अशी शंका यावी. पहिले मत असे, की ही चित्रे म्हणजे कष्टकरी भारतीय स्त्रीच्या दुःखाची गाथा आहे. दुसरे मत असे, की ही चित्रे दिवाणखान्यासाठी काढलेली आहेत. त्यांतली कोळीण उंच, सडपातळ आणि डौलदार असते, तिच्यामागचा रंग भिंतीला शोभून दिसतो, आणि तिची गरिबी कोणाला टोचत नाही. एक मत आदराचे आहे, दुसरे अनादराचे. परंतु दोघांची चूक एकच आहे. चित्रातली बाई कोण, एवढेच ती दोन्ही विचारतात. ती उभी कशी आहे, बसली कशी आहे, तिच्या डोक्यावरच्या पाटीला वजन आहे की नाही, हे विचारण्याची गरज त्यांना वाटत नाही. चित्राचा न्याय करावयाचा तर तो या प्रश्नांच्या आधारेच करावा लागतो, आणि या लेखात तसा प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम चरित्राचा थोडा तपशील द्यायला हवा, कारण पुढच्या विवेचनाला त्याची गरज आहे. प्रभाबाईंचा जन्म १९३३ साली नागपूरजवळच्या बेला या खेड्यात झाला. चित्रकलेचे आरंभीचे शिक्षण त्यांनी नागपूरच्या कलाशाळेत घेतले आणि पुढे मुंबईस येऊन सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका मिळवली. १९५६ साली शिल्पकार बी. विठ्ठल यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि त्याच साली दोघांनी मिळून आपल्या कामाचे प्रदर्शन भरवले. उमेदवारीच्या त्या दिवसांतच डॉ. होमी भाभा यांच्यासारख्या चोखंदळ माणसाने त्यांची तीन चित्रे विकत घेतली. १९५८ साली मुंबई राज्याच्या कलाप्रदर्शनात त्यांना पहिले पारितोषिक मिळाले. त्यानंतर चार दशके त्या सतत चित्रे काढीत राहिल्या. विठ्ठल १९९२ साली गेले. २००१ च्या सप्टेंबरात प्रभाबाईही गेल्या. या साऱ्या काळात त्यांच्या चित्राचा नायक बदलला नाही. ती एक बाई होती, आणि बहुतेक वेळा ती कोळीण होती.

यातली एक गोष्ट नीट ध्यानात घेण्याजोगी आहे. बेला हे गाव समुद्रापासून शेकडो मैल दूर, वऱ्हाड-नागपूरकडच्या कापसाच्या काळ्या मातीतले. तेथे वाढलेल्या मुलीने मुंबईस येऊन आयुष्यभर समुद्राकाठच्या बाया रंगवाव्यात, हे वरवर पाहता नवलाचे आहे. आपल्या गावाकडच्या शेतकरणी, कापूस वेचणाऱ्या बाया त्यांनी मुळीच रंगवल्या नाहीत असे नव्हे. परंतु नाव झाले ते कोळणींमुळे. या नवलाचे उत्तर त्यांच्या चित्रांतच मिळते असे मला वाटते. त्याकडे मी पुढे येणार आहे.

ज्या काळात प्रभाबाई मुंबईस आल्या, त्या काळची मुंबईची चित्रकला पुरुषांची होती. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाक्रे असे सहा जण होते. सहांत एकही बाई नव्हती. महाराष्ट्रात स्त्रिया चित्रे काढीत नव्हत्या असे नाही. रावबहादुर धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई यांनी जे. जे.चे रीतसर शिक्षण प्रभाबाईंच्या कितीतरी आधी पुरे केले होते; आँजेला त्रिंदाद यांचे कामही रसिकांना ठाऊक होते. परंतु चित्रकला हाच चरितार्थ आणि बाईचे जगणे हाच एकमेव विषय, असे ठरवून बसलेली बाई विरळाच. स्त्रियांच्या वाट्याला येणारे दुःख रंगवणे हेच आपले काम आहे, असे प्रभाबाई स्वतः सांगत असत. कलावंताच्या अशा सांगण्यावर समीक्षकाने फार विसंबू नये. आपण काय करायला निघालो हे कलावंताला ठाऊक असते. आपल्या हातून प्रत्यक्ष काय झाले हे त्याला प्रत्येक वेळी ठाऊक असतेच असे नाही.

प्रभाबाईंवर अमृता शेरगिल यांचा प्रभाव होता हे सर्वमान्य आहे, आणि ते खरेही आहे. बुडापेस्टमध्ये जन्मलेली आणि पॅरिसला शिकलेली ही मुलगी १९३४ साली हिंदुस्थानात परत आली आणि १९४१ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी लाहोरला वारली. मधल्या सात वर्षांत तिने आपल्या चित्रकलेला एक गोष्ट शिकवली: हिंदुस्थानी माणसाचा सावळा रंग हाच चित्राचा मुख्य रंग होऊ शकतो आणि त्याचे गप्प राहणे हाच चित्राचा विषय होऊ शकतो. १९३५ सालच्या तिच्या ‘तीन मुली’ या चित्रात काहीच घडत नाही. तीन मुली बसल्या आहेत, त्यांच्या नजरा खाली आहेत, आणि आपल्या नशिबात काय वाढून ठेवले आहे हे त्यांना कळून चुकले आहे. प्रभाबाईंनी ही शांतता घेतली, नजर घेतली, सपाट रंगाचे मोठाले तुकडे घेतले. तरीही दोघींची चित्रे शेजारी ठेवली तर एक भेद पहिल्या दृष्टीतच जाणवतो. शेरगिलच्या बाया जमिनीला धरून असतात. त्यांचा भार खाली, मांड्यांत आणि नितंबांत, भिजलेल्या मातीसारखा उतरलेला असतो. प्रभाबाईंच्या बाया वर चढत जातात. पाय लांब, धड लांब, हात लांब, आणि या सर्वांवर ती मान, गरजेपेक्षा दोन बोटे लांब.

ही मान म्हणजे प्रभाबाईंची सही आहे. दिवाणखान्याचा आरोप करणारे याच मानेकडे बोट दाखवतात. त्यांचे म्हणणे असे, की डौल आणण्यासाठी मान लांबवली आहे. इटलीचा मोदिल्यानी असेच करीत असे, आणि जाहिरातीतल्या बायाही अशाच काढल्या जातात. हा आरोप तपासण्यासाठी चित्रापासून थोडे दूर जाऊन, डोक्यावर ओझे घेतलेल्या जिवंत बाईकडे पाहिले पाहिजे.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात अशी बाई पाहण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बालाघाटाच्या डोंगररांगा, त्यांच्यावरचा हलका मुरमाड पट्टा, आणि हुलकावणी देणारा पाऊस. चैत्र उजाडला की कितीएक गावांत हंडे निघतात. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, त्यावर घागर, आणि मैलभराची वाट. या बाईची मान वाकत नाही. वाकली तर पाणी सांडेल, आणि दुसरी खेप करण्याचे त्राण अंगात नसते. वाटेवरचा दगड पाहायचा तरी ती डोके झुकवू शकत नाही. तिला फक्त पापण्या खाली करता येतात. म्हणून तिचा चेहरा ताठ आणि नजर खाली, असे एक चमत्कारिक मिश्रण तयार होते. परक्याला ते कधी गर्वाचे वाटते, कधी लाजेचे. वास्तविक त्यात गर्वही नसतो आणि लाजही नसते. ते ओझ्याचे शास्त्र असते. खांद्यापासून कानापर्यंतची शीर ताणलेली असते, हनुवटी थोडी आत ओढलेली असते, पाठीचा कणा खांबासारखा झालेला असतो, आणि चालण्याचा सगळा झोका कमरेत उतरलेला असतो.

आता प्रभाबाईंच्या चांगल्या चित्रांकडे परत यावे. ताठ मान आणि खाली गेलेल्या पापण्या, नेमके हेच मिश्रण तेथे आहे. डोक्यावर पाटी आहे तेथे ते आहे याचे नवल नाही. परंतु जेथे पाटी खाली ठेवलेली आहे, बाई तिच्याशेजारी गुडघे जवळ घेऊन बसलेली आहे, तेथेही मान तशीच आहे. ओझे उतरले तरी मानेला ते ठाऊक नाही. वर्षानुवर्षे ज्या मानेने भार वाहिला, ती मान विसाव्याच्या क्षणीही भाराच्याच आकारात राहिली आहे. प्रभाबाईंच्या चित्रांतील सर्वांत खोल निरीक्षण मला हे वाटते. कष्ट दाखवण्यासाठी त्यांनी कष्ट करणारी बाई क्वचितच काढली. कष्टाने तिच्या शरीराला कोणता कायमचा आकार दिला तो त्यांनी काढला. मानेची लांबी हा ज्याला केवळ डौल वाटतो, त्याने कधी रिकाम्या डोक्याने परत जाणारी पाणक्या बाई पाहिलेली नसावी. तीही तशीच चालते.

आता त्या आधीच्या नवलाकडे वळतो. मुंबईच्या बाजारातली कोळीण ज्याने पाहिली आहे त्याला हे सांगावयास नको, की ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. कोळीवाड्यात मासे पकडणे हे पुरुषाचे काम, आणि विकणे हे बाईचे. भाव ती ठरवते, गिऱ्हाईक ती जोखते, पैसा तिच्या कनवटीला असतो. तिचा आवाज मोठा, जीभ धारदार, लुगडे भडक रंगाचे, अंगावर सोने, केसांत फूल. हसली तर सारा बाजार ऐकतो आणि चिडली तरी ऐकतो. प्रभाबाईंच्या चित्रांत ही कोळीण कोठे आहे? तेथे आवाज नाही, घासाघीस नाही, हसू तर जवळजवळ नाहीच. दागिने असले तर नाममात्र. समुद्र बहुधा निळ्या-हिरव्या रंगापुरता उरतो. क्वचित एखादी होडी, क्वचित टोपलीतली चार मासळी. कोळीवाड्याचा दस्तऐवज म्हणून ही चित्रे घेतली तर ती फसवी ठरतील, यात मला शंका नाही. ज्या बाईच्या हाती व्यवहार आहे तिला त्यांनी मुकी केली, असा आक्षेप एखाद्या कोळीणबाईंनी घेतला, तर त्याला सरळ उत्तर देता येणार नाही.

पण हे मौन आले कोठून? ते समुद्राचे नाही. ते आतल्या मुलखाचे, आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या कोरडवाहू शेतीचे मौन आहे. पिकाचा भाव जेथे बाईने ठरवायचा नसतो, पुरुषानेही ठरवायचा नसतो. तो भलतीकडे कोठेतरी ठरतो. तेथे बाई बांधावर बसते, गुडघे जवळ घेते आणि वाट पाहते: पावसाची, नवऱ्याची, गाडीची, संध्याकाळची. बेल्याहून निघालेल्या मुलीने हे बसणे लहानपणीच पाहिलेले असणार. मुंबईस तिला कोळीण दिसली, आणि तिच्या पाटीत, तिच्या उंच बांध्यात, तिच्या घट्ट कासोट्यात तिला आपल्या माहितीची बाई मांडण्यासाठी एक देखणा घाट सापडला. देह कोळणीचा, चेहरा आतल्या मुलखाचा. समुद्राकाठी बसलेली ही कोरडवाहू बाई आहे. असे पाहिले म्हणजे ज्याला आपण खोटेपणा म्हणत होतो त्याचा अर्थ बदलतो. कोळणीविषयी ही चित्रे फारसे सांगत नाहीत. गाव सोडून शहरात आलेल्या बाईला शहरातल्या दुसऱ्या बाईत काय दिसले, हे ती सांगतात. मुंबईत आलेल्या लाखो स्त्रियांचे अर्धे आयुष्य अशा पाहण्यातच जाते.

हेच त्यांच्या रंगाविषयीही म्हणता येईल. प्रभाबाई बहुतेक चित्रांत एकच रंग प्रमुख ठेवतात: एक गेरूचे चित्र, एक निळ्याचे, एक हिरव्याचे, एक राखेचे. बाई आणि तिच्यामागची भिंत, वाळू किंवा आभाळ एकाच रंगाच्या कुळातले असतात. त्यामुळे चित्र भिंतीवर शांत दिसते, हे खरे, आणि गिऱ्हाइकाला ते सोयीचे वाटते, हेही खरे. परंतु याच युक्तीने आणखी एक गोष्ट साधते. त्या बाईला त्या रंगातून बाहेर पडायला वाट उरत नाही. मागे क्षितिज नसते, दार नसते, वाट नसते. वैशाखात आमच्याकडे रान, रस्ता, भिंत आणि माणसाच्या पायाची पोटरी एकाच रंगाची होते, तेव्हा माणूस जसा परिसरात विरघळल्यासारखा दिसतो, तसे हे आहे. चित्र सुंदर आहे की नाही हा प्रश्न येथे पुरत नाही. या सुंदर रंगात ती बाई कोंडली गेली आहे, हे दिसले पाहिजे.

येथे आपल्या परंपरेकडेही एकदा पाहून घ्यावे. धाराशिवपासून थोड्याच अंतरावर तेर हे गाव आहे, सातवाहनकाळातले प्रसिद्ध तगर. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभ्या राहिलेल्या वस्तुसंग्रहालयात मातीच्या मूर्ती आहेत, मणी आहेत, हस्तिदंताचे काम आहे. तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, कारण तिच्याशी फार जवळचे साम्य असलेली मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली. वीतभराचीही नसलेली ही बाई दागिन्यांनी मढलेली आहे. दोन हजार वर्षे आपल्या कलेने बाई दाखवली ती अशी: यक्षी म्हणून, नायिका म्हणून, देवी म्हणून, शृंगारलेली आणि भारमुक्त. तगरच्या बाजारपेठेत मालाच्या पाट्या वाहणाऱ्या बायाही असणारच, पण त्यांना कोणी हस्तिदंतात कोरले नाही. प्रभाबाईंनी केलेला बदल या दृष्टीने मोठा आहे. त्या जुन्या मूर्तीचा उंच, लवचिक बांधा त्यांनी जवळपास तसाच ठेवला. अंगावरचे अलंकार काढले आणि डोक्यावर पाटी दिली.

हे सर्व म्हटल्यावर त्यांच्या दोषाविषयीही तितक्याच स्पष्टपणे बोलले पाहिजे. तो दोष हातांत आहे. मान खरी आहे; हात खरे नाहीत. मासळी साफ करणाऱ्या, बर्फात बोटे घालणाऱ्या, टोपल्या उचलणाऱ्या बाईचे हात जाड असतात, बोटांच्या पेरांवर चिरा असतात, नखे झिजलेली असतात. प्रभाबाईंच्या बायांचे हात निमुळते, बोटे लांब, आणि ती एखाद्या नर्तकीने विसावा घ्यावा तशी मांडीवर पडलेली. शरीराने कष्ट साठवले आहेत असे मान सांगते आणि ते हात ऐकत नाहीत. जर्मनीच्या केटे कोलविट्झ यांची चित्रे येथे आठवतात. विणकरांच्या उठावावरची त्यांची चित्रमालिका १८९७ साली पुरी झाली, आणि १९२४ साली त्यांनी ‘भाकरी’ या नावाचे, आईच्या पदराला झोंबणाऱ्या भुकेल्या मुलांचे चित्र केले. कोलविट्झच्या बायांचे हात चेहऱ्याइतके मोठे असतात. ते धरतात, झाकतात, ओढून घेतात. आपल्याकडे १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तोप्रसाद गावोगाव हिंडले आणि त्यांनी काळ्या शाईने भुकेची माणसे काढली. त्या चित्रांचे पुस्तक इंग्रज सरकारने जप्त केले. ती चित्रे दिवाणखान्यात लावता येत नाहीत. सरकारला जप्त करावे लागेल असे प्रभाबाईंनी काही काढले नाही.

तुलना अन्यायाची होऊ नये म्हणून एवढे म्हटले पाहिजे, की कोलविट्झ आणि चित्तोप्रसाद पाहणाऱ्याकडे काहीतरी मागतात. प्रभाबाईंची बाई काहीच मागत नाही. ती आपल्याकडे पाहतही नाही. दया मागण्याचे तिने नाकारले आहे. हे नाकारणे जेव्हा जिवंत असते तेव्हा त्या चित्राला एक करारी प्रतिष्ठा येते. परंतु तीच गोष्ट वारंवार केली की नाकारण्यातला जोर जातो आणि केवळ पोझ उरते. चाळीस वर्षांच्या कामात हे अनेकदा झाले आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. अशा चित्रांत पाटी रिकामी भासते. तिला वजन नसल्यामुळे मानेच्या लांबीला कारण उरत नाही, आणि टीकाकारांचा आरोप तेवढ्यापुरता खरा ठरतो. चांगले चित्र आणि हातसवयीचे चित्र यांतला भेद ओळखण्याची कसोटी मी अशी सुचवीन: डोळे मानेवर ठेवावेत आणि पाटीत किती शेर माल असेल याचा अंदाज करावा. अंदाज करता आला तर चित्र खरे.

चित्रांची विक्री हा प्रश्नही येथेच येतो. १९५६ साली एअर इंडियाने प्रभाबाईंची सहा चित्रे विकत घेतली, प्रत्येकी साडेसत्याऐंशी रुपयांस. त्या कंपनीच्या पुढे प्रसिद्धीस आलेल्या चित्रसंग्रहाचा आरंभ या खरेदीने झाला. ग्रामीण बायांची ती चित्रे लंडनच्या तिकीट-कचेरीसाठी होती. ज्या बाईने आयुष्यात विमान पाहिले ते शेतातून, मान वर करून, तिचे चित्र विमानाची तिकिटे विकण्याच्या खोलीत टांगले गेले. यातला उपरोध कोणालाही दिसेल. पण त्याचा ठपका चित्रकर्तीवर ठेवणे मला पटत नाही. तेवीस वर्षांच्या, नुकताच संसार मांडलेल्या, पाठीशी काही नसलेल्या मुलीला ते सव्वापाचशे रुपये म्हणजे पुढच्या रंगांची आणि कॅनव्हासची तरतूद होती. विकले जाणे हा चित्राचा दोष नव्हे. आपली कोणती बाजू विकली जाते हे कलावंताला कळते आणि हात आपोआप त्या बाजूला झुकू लागतो, तेव्हा खरा धोका सुरू होतो. प्रभाबाईंची मान विकली गेली नाही असे मला वाटते. हात मात्र काही प्रमाणात विकले गेले.

पुढच्या काळात त्यांनी भूक, बेघरपणा, दुष्काळ हे विषय नाव घेऊन रंगवले. दुष्काळ म्हटले की मराठवाड्यातल्या माणसाला १९७२ साल आठवते. आमच्या पिढीला ते आयांच्या आणि आज्यांच्या तोंडून ठाऊक आहे: खडी फोडण्याची कामे, पाझर तलावांची कामे, डोक्यावर मुरमाचे घमेले, पोरांना वाटली जाणारी सुकडी, आणि परदेशातून आलेली ती लाल मिलो, जिची भाकरी धड थापली जात नसे. त्या कामांवर बायांची संख्या मोठी होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या पायाशी या बायांनी फोडलेली खडी आहे. असा अनुभव ज्यांच्या घरात आहे, त्यांना दुष्काळ हा विषय म्हणून मांडलेला पाहताना थोडे अवघडल्यासारखे होते, कारण विषयाचे नाव मोठे झाले की चित्रातले माणूस लहान होते. माझे मत असे, की प्रभाबाईंचा दुष्काळ त्यांच्या दुष्काळाच्या चित्रांपेक्षा त्यांच्या कोळणींच्या चित्रांत अधिक खरा उतरला आहे. तेथे तो न बोलावता आला आहे.

हा प्रश्न केवळ चित्रकलेचा असता तर कादंबरी लिहिणाऱ्याने त्यात फारसे पडण्याचे कारण नव्हते. पण मराठीतल्या ग्रामीण लेखनापुढे नेमका हाच प्रश्न उभा आहे. दुःखी माणसाचे लिहायचे, आणि ते वाचणारा बहुधा दुःखी नसतो. त्याला ते वाचावेसे वाटले पाहिजे, म्हणजे त्यात काही सौंदर्य हवे. आणि सौंदर्य आले की दुःख शोभेचे होऊ लागते. बोलीचे चार शब्द, एक कडुनिंब, एक भेगाळलेली जमीन, एक फाटके लुगडे, एवढ्यावर ग्रामीणता उभी करणाऱ्या कथा आपण पुष्कळ वाचल्या आहेत. त्या कथांतले हात प्रभाबाईंच्या चित्रांतल्यासारखेच निमुळते असतात. याउलट आमच्याच जिल्ह्यातले भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा पाहावी. तिच्यात दुःखाचे वर्णन जवळजवळ नाही. बाजार आहे, टोमॅटो आहेत, भाव आहे. आणि भाव पडल्यावर शेतकरी आपलाच माल पायाखाली तुडवतो. ओझे किती आणि त्याची किंमत किती, हे लेखकाला नेमके ठाऊक आहे. म्हणून त्याला गळा काढावा लागत नाही. पाटीला वजन असले की मान आपोआप खरी येते, हा न्याय कथेलाही लागू आहे.

प्रभाबाईंची चित्रे आता लिलावांत लाखांच्या भावाने विकली जातात. एअर इंडिया २०२२ साली टाटा समूहाकडे गेली तेव्हा तिचा चित्रसंग्रह सरकारकडेच राहिला आणि तो राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. ती चित्रे आता कोठल्या भिंतींवर लागतात, हे महत्त्वाचे आहे. मुंबई-दिल्लीच्या रसिकांनी ती पाहिली आहेत. नागपूर, धाराशिव, यवतमाळ, बीड येथल्या शाळांतल्या मुलींनी ती पाहिलेली नाहीत, आणि त्यांच्याइतका या चित्रांचा अचूक न्याय दुसरे कोणी करू शकणार नाही. कारण पाटीत किती वजन आहे हे त्यांना पाहताक्षणी कळेल. हात खोटे आहेत हे त्या कदाचित माझ्यापेक्षा लवकर आणि कठोरपणे सांगतील. आणि त्या मानेपाशी आल्या म्हणजे, माझी खात्री आहे, त्यांना ती ओळखीची वाटेल; घरी चुंबळ करून हंडा उचलणाऱ्या कोणाची तरी.